अर्धा क्लच

माझा भाचा धायरीला राहतो आणि हिंजवडीला नोकरी करतो. या एका वाक्यात त्याच्या आयुष्यातील किती तास खर्ची पडतात, हे पुणेकर वाचकाला फोड करून सांगायला नको. सकाळी वडगावच्या पुलापासून जी रांग लागते ती वारजे, चांदणी चौक, बाणेर असे करीत वाकडपर्यंत त्याची सोबत सोडत नाही. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, आणि मन कुठे तरी तिसरीकडेच. आठवड्याचे पाच दिवस हा क्रम. उरलेल्या दोन दिवसांपैकी एखाद्या रविवारी, पहाटे साडेपाचला, रस्ते मोकळे असताना तो गाडी घेऊन सिंहगडाकडे नाही तर भोरकडे जातो. त्या दोन तासांसाठीच आपण ही गाडी घेतली, असे तो म्हणतो. हप्ते मात्र महिन्याच्या तीसही दिवसांचे भरतो.

गाडी चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आहे. दिसायला लहानशी, इंजिन तीन सिलिंडरचे आणि हजार सी.सी.चे, पण त्याला टर्बो आहे. ही टर्बो म्हणजे काय, हे मी त्याच्याकडूनच समजावून घेतले. इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू एरवी धुराड्यातून वाया जातो. त्या वायूच्या झोताने एक चिमुकले चक्र फिरवायचे; त्या चक्राच्या दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून शक्ती जास्त. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. माणसांच्या रोजच्या मोटारीत ती यायला मात्र 1962 साल उजाडले, आणि तेही अमेरिकेत. वाया जाणाऱ्यातून जोर काढण्याची ही युक्ती मला ऐकताक्षणीच ओळखीची वाटली. आमची आई शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करी आणि तो ताज्या पोळीपेक्षा आधी संपे.

आता इतकी शक्ती हातात असताना माणसाने समाधानी राहावे की नाही? भाच्याच्या गाडीला एकशेदहा अश्वशक्ती होती. पिळाचा जोर, ज्याला ते टॉर्क म्हणतात, तो एकशेपंचाहत्तर न्यूटन-मीटर. त्याने कोणाकडून तरी इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून घेतली; या धंद्यात त्याला 'रीमॅप' म्हणतात. एक पानाही न फिरवता, एक बोल्टही न काढता, एका दुपारी गाडीचा जोर पावपटीहून अधिक वाढला. मी त्याला 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील बावन्नावे कलम वाचून दाखवले. नोंदणीपत्रातील मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही असे ते सांगते, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले आहे. भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं त्या मोठमोठ्या चाकांवाल्यांसाठी असतं." कायदा नेहमी शेजाऱ्यासाठीच असतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. असो.

पुढे महिन्याभराने, पावसाळ्याच्या तोंडाशी, एका रविवारी मी त्याच्याबरोबर कात्रजच्या जुन्या घाटाने निघालो होतो. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, त्याने पाय दाबला. इंजिन एकदम ओरडले. फेऱ्यांचा काटा अडीच हजारांवरून चार हजारांवर गेला. पण गाडी होती त्याच गतीने चालत राहिली. ती ओरडत होती आणि पुढे जात नव्हती. मागोमाग एक वास आला, जळक्या रबराचा नव्हे, जळक्या कापडाचाही नव्हे. दोहोंच्या मधला, घशात बसणारा. भाच्याचा चेहरा उतरला. "क्लच स्लिप होतोय," तो म्हणाला. मला मात्र, खरे सांगायचे तर, त्या क्षणी माझी शेवटची कादंबरी आठवली. तिचीही चारशे पाने अशीच ओरडत गेली आणि वाचक होता तिथेच राहिला.

नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे. एका पेठेत किती बेअरिंगे मावू शकतात हे पाहायचे असेल तर तिथे जावे. त्यातल्या एका बोळात भाच्याच्या ओळखीचे गॅरेज होते. आम्ही गाडी कशीबशी तिथवर नेली. गाडीखालून एक पस्तिशीचा माणूस सरपटत बाहेर आला, हात पुसले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का?"

मी ओळखले. ओळखले नसते तर बरे झाले असते.

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमच्या घरात त्याला अजूनही मॅट्रिकच म्हणतात. त्यानंतर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत कोणी फारसे मोजत नाही, म्हणून की काय, मी शिस्तीत कडक होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी आठवीच्या एका तुकडीचा मी वर्गशिक्षक होतो. माझा एकच नियम होता: घंटा झाली की दार बंद. एक मिनिट उशीर झाला तरी पहिला तास बाहेर. हा मुलगा पहाटे वर्तमानपत्रे टाकायचा आणि आठवड्यातून तीन दिवस दोन-तीन मिनिटे उशिरा यायचा. मला ते माहीत होते. तरीही दार बंद होत असे. कारण एकाला सवलत दिली तर चाळीस जणांना द्यावी लागेल, असा माझा हिशेब होता. तो व्हरांड्यात उभा राही. दिवाळीनंतर तो यायचाच थांबला. नियम शाबूत राहिला.

हे सारे मला त्या बोळात, ऑइलच्या वासात, एका श्वासात आठवले. तो मात्र आनंदात होता. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसले, चहा सांगितला आणि गाडी वर घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिअरबॉक्स उतरवल्यावर त्याने आम्हांला बोलावले. क्लचप्लेट ही वस्तू मी प्रथमच हातात घेतली. जेवणाच्या ताटाएवढी चकती. मध्ये दातेरी भोक, त्याभोवती चार जाड स्प्रिंगा, आणि कडेला दोन्ही बाजूंनी रिबिटांनी बसवलेले खरखरीत अस्तर. हे अस्तर इतके झिजले होते की रिबिटे उघडी पडली होती. तिकडे इंजिनाच्या फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग होते, तापलेल्या तव्यावर पडतात तसे.

"आता ऐका," तो भाच्याला म्हणाला. पण बोलत होता माझ्याकडे पाहून, जणू धडा म्हणून दाखवतो आहे. "इंजिन थांबत नाही, आणि उभं चाक एकदम पळत नाही. दोघांची गाठ घालून द्यायला मधे ही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट हिला दोन्हीकडून दाबतात. आधी थोडी घसरते, मग धरते. एकदा धरली की मात्र अजिबात घसरायचं नाही. तुमची आता धरल्यावरही घसरते, कारण जोर वाढवलात आणि पकड होती तेवढीच ठेवलीत."

मग त्याने मार्ग सांगितले. पकड वाढवायची तर दाब वाढवा, नाही तर अस्तर बदला, नाही तर चकती मोठी करा, नाही तर एकीच्या दोन करा. पाचवा उपाय देवानेही ठेवलेला नाही. चकती मोठी करायला आत जागा नाही. दोन चकत्यांचा क्लच उत्तम, पण महाग, आणि पाय क्लचवर दाबला की खुळखुळतो. दाब वाढवायचा म्हणजे प्रेशर प्लेट जड घ्यायची. पकड वाढते, पण पेडलही जड होते आणि रिलीज बेअरिंग लवकर जाते. केव्हलार नावाच्या धाग्याचे अस्तर मिळते, ते टिकते फार. पण एकदा का फाजील तापले की काचेसारखे गुळगुळीत होते आणि मग ते धरीत नाही. राहिले सिरॅमिक. सबंध गोल अस्तराऐवजी नुसते चार किंवा सहा तुकडे, पाकळ्यांसारखे. शर्यतीच्या गाड्यांत वापरतात. तापले तरी सोडत नाही.

"तेच टाका," भाचा म्हणाला.

"टाकतो की. पण ते घसरत नाही."

"मग चांगलंच आहे!"

"साहेब, ते अजिबात घसरत नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याने 'अजिबात' या शब्दावर असा काही जोर दिला की मी चहाचा कप खाली ठेवला. "धरतं तरी, नाही तर सोडतं तरी. मधलं काही नाही. तुम्ही नळ स्टॉपला सिग्नलला उभे. पुढची रिक्षा वीतभर सरकली. तुम्हांला वीतभर सरकायचंय. अर्धा क्लच द्यायला जाल तर गाडी गचका देऊन हातभर उडी मारेल. फ्लायव्हील खाईल ते वेगळंच. आणि एखाद्या दिवशी फार जोर झाला तर क्लच सुटणार नाही, गिअरबॉक्स सुटेल. कंपनीनं हिला मुद्दाम कच्ची ठेवलीय. मोडायचंच तर हिनं मोडावं."

मला त्या रात्री झोप लागली नाही. गाडी माझी नव्हती, पैसे माझे नव्हते. आणि तरीही प्रश्न माझाच आहे असे वाटत राहिले.

आपल्याकडे माणसाची थोरवी मोजण्याचे जे माप आहे ते बहुतेक पकडीचे आहे. अमका शब्दाचा पक्का, तमका तत्त्वाला चिकटून राहणारा, फलाणा मोडेल पण वाकणार नाही. जो सरकतो तो घसरला असे आपण म्हणतो, आणि घसरला म्हणजे पडला. पुण्याला तर या कणखरपणाचा विशेष अभिमान. आमच्या पाट्याही तोच बाणा सांगतात. आणि पलीकडे दुसरे टोक आहेच. मध्यममार्गाचा उपदेश करणारी मंडळी विचारतात, इतके ताणता कशाला? भगवान बुद्धांनी सोणाला वीणेचा दाखला दिला होता: तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. दाखला सुंदर आहे. मीही तो वर्गात अनेकदा सांगितला आहे. पण क्लचला तो लागू पडत नाही, हे मला त्या रात्री कळले. क्लच कधीच मध्यम नसतो. धरलेला असतो तेव्हा पुरा धरलेला असावा लागतो; तिथे जराही सैलपणा राहिला तर अस्तर जळते. सोडलेला असतो तेव्हा पुरा सुटलेला असावा लागतो; नाही तर गिअर किरकिरतात. मधली स्थिती केवळ संक्रमणापुरती. एका वेगाने फिरणाऱ्याला दुसऱ्या वेगाच्या, किंवा अगदी थांबलेल्या, वस्तूशी जोडताना जे दोन-तीन क्षण जातात, तेवढ्यापुरती घसरण्याची मुभा. ती देणे ही कमजोरी नव्हे. आणि त्या क्षणांपलीकडे ती चालू ठेवणे हे औदार्य नव्हे. ज्यांना सिग्नलवर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याची खोड असते, ते भले स्वतःला मृदू समजोत. त्यांच्या गाडीखालून वास येतो.

मी वाइटाकडून वाइटाकडे जात होतो. वर्गाचे दार बंद करणारा मी सिरॅमिकचा होतो, हे तर उघडच होते. पण पुढे वय वाढले, उत्साह ओसरला, आणि अलीकडची कित्येक वर्षे मी वर्गात चक्क अर्ध्या क्लचवर असतो. मुले उशिरा येतात, वही आणत नाहीत, रंगपेटी विसरतात; मी 'बरं, बरं' म्हणतो. मला सगळे प्रेमळ सर म्हणतात. मुलांच्या हाताला रेघ मात्र लागत नाही. कडकपणा सोडला म्हणजे शहाणपण आले, असे मी समजत होतो. वस्तुतः एका खोडीऐवजी दुसरी लागली होती, एवढेच.

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात, न्यायाची चर्चा चालू असताना, एका पट्टीचा उल्लेख आहे. मी चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे तेवढाच माझ्या लक्षात राहिला. लेस्बॉस बेटावरचे गवंडी मोजायला शिशाची पट्टी वापरीत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. ॲरिस्टॉटल म्हणतो ते साधारण असे: कायदा सर्वांसाठी सरसकट केलेला असतो, म्हणून एखाद्या ठिकाणी तो अपुरा पडतो, तिथे कायदा करणाऱ्याने स्वतः हजर असता तर जे सांगितले असते ते करणे, हे न्यायाहून उणे नव्हे, न्यायाची ती दुरुस्ती आहे. मी वर्गात सागवानी पट्टी वापरतो. सरळ रेघ काढायला तीच हवी. शिशाच्या पट्टीने सरळ रेघ येणार नाही, हे मला कबूल. पण ओबडधोबड दगड मोजायला सागवानी पट्टी घेऊन बसणारा गवंडी दगडाला नावे ठेवीत राहील. वर्तमानपत्रे टाकून येणारा मुलगा हा तसा दगड होता. आणि मी चाळीस जणांच्या हिशेबाची जी सबब सांगत होतो ती खोटी होती. उरलेल्या एकोणचाळीस जणांपैकी कोणीही पहाटे चारला उठत नव्हते, आणि ते त्यांना माहीत होते. मुलांना सवलत आणि पक्षपात यांतला फरक मास्तरांपेक्षा लवकर कळतो.

पण यापेक्षा मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच होती. गॅरेजवाल्याने जाता जाता एक सांगितले होते. भाच्याने ते पुढे कागदावर गणित करून दाखवले, आणि माझ्या मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानालाही ते पटले. उभी गाडी निघते तेव्हा इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवून क्लच सोडत गेलो, तर दोघांचे वेग जुळेपर्यंत चाकांना जितकी ऊर्जा मिळते, तितकीच त्या चकतीवर उष्णता होऊन जाते. निम्मी गतीला, निम्मी चकतीला. कितीही हळुवार पाय ठेवा, हा वाटा चुकत नाही. दोन वेगांमधले अंतर कोणाला तरी सोसावेच लागते, आणि ते सोसणाऱ्याच्या अंगावरून काही तरी झिजून जाते.

ही चकती मी कुठे तरी पाहिली होती. आमच्या घरांतून ती बहुधा साडी नेसलेली असते. माझी बहीण, म्हणजे या भाच्याची आई, चाळीस वर्षे तिच्या घरात हेच करीत आली. सासरे एका वेगाने फिरणारे, नवरा जागचा न हलणारा, मुलगा भलत्याच घाईचा. प्रत्येकाचा दुसऱ्याशी सांधा तिने जुळवून दिला. कोणाला गचका बसू दिला नाही. आम्ही सगळे तिला सोशिक म्हणत आलो आणि हे विशेषण देताना आपण तिचे कौतुक करतो आहोत असे समजत आलो. भाच्याने लग्न ठरवले, नोकरी बदलली, कर्ज काढून घर घेतले, गाडी घेतली. म्हणजे इंजिनाचा जोर प्रत्येक वेळी वाढवला. मधल्या चकतीला कोणी विचारले नाही. मीही नाही. तिच्या कमरेच्या मणक्याने गेल्या वर्षी दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी झीज असा शब्द वापरला. आठवड्यातून तीन दिवस ती व्यायामोपचाराला जाते; आणि जाते ती भाच्याच्या याच गाडीतून. गाडी महिन्यातून दोन तास घाटात पळायची आहे, हे भाच्याला आठवत होते. तीच गाडी महिन्यातून बारा दिवस त्याच्या आईचा मणका घेऊन सिंहगड रस्त्यावरून जाते, हे प्लेट निवडताना त्याला सुचले नाही. मला सुचले ते तरी कुठे लगेच?

मग मी एक आगाऊपणा केला. गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाची सिरॅमिकवाली गाडी दुरुस्तीला आली होती. ती चाचणीसाठी एक फेरी मारणारच होती. त्या फेरीत बहिणीला मागे बसवून नेता येईल का, असे मी विचारले. तो म्हणाला, "बाईंना घेऊन या, सर." नाना पेठेतून निघालो. गाडी चालवणारा तो स्वतः, म्हणजे हात तर मुरलेलाच. तरीही प्रत्येक चौकात गाडी हिसका देऊन निघे. मोकळ्या रस्त्यावर मात्र ती बाणासारखी जाई. भाच्याचे डोळे लकाकत. सोन्या मारुतीच्या चौकात वीत-वीत पुढे सरकताना तीन गचके बसले. बहिणीने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि अगदी सरळपणे विचारले, "हे कोणावर रागावलेत का?"

गॅरेजवाला मोठ्याने हसला. भाचा हसला नाही.

परत आल्यावर त्याने निर्णय घेतला. मूळच्यासारखेच सबंध गोल अस्तर, मध्ये स्प्रिंगा असलेली चकती. प्रेशर प्लेट थोडी जड. आणि इंजिनाच्या आज्ञावलीत असा बदल की खालच्या फेऱ्यांना जोर एकदम न येता चढत चढत यावा. टर्बोचा जोर थोड्याच फेऱ्यांत सगळाच्या सगळा येऊन क्लचच्या उरावर बसतो, खरे दुखणे ते आहे, असे त्याला गॅरेजवाल्याने पटवले. मी म्हटले, त्यापेक्षा इंजिन मूळपदावर आण. पकडीला बळ देण्यापेक्षा मागणीच कमी कर. कायदाही तेच म्हणतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहायचं बंद कराल का? रोजची शाळा आहेच की." या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. माणूस केवळ रोजच्यासाठी जगत नाही हे खरे. ते पहाटेचे दोन तास त्याच्या आयुष्यातून काढून घ्यावेत असे मला मनापासून वाटतही नाही. पण त्या दोन तासांचे भाडे कोण भरतो ते पाहावे, एवढेच माझे म्हणणे होते. तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. जड पेडलामुळे त्याची पोटरी संध्याकाळी दुखते. ती निदान त्याची स्वतःची आहे.

काही वाचक म्हणतील, आता हे सारे किती दिवस? आमच्या लहानपणी आकुर्डीहून निघणाऱ्या चेतकचा क्लच डाव्या मुठीत असे. आत तेलात बुडालेल्या चकत्यांना कॉर्कचे तुकडे लावलेले असत. 2020 पासून चेतक आली ती विजेवर चालणारी. तिला क्लचच नाही. विजेची मोटर शून्यापासून जोर देते. तिला थांबून राहता येते, म्हणून सांधणारा नको. भाच्याच्या मुलाला अर्धा क्लच म्हणजे काय ते बहुधा माहीतही नसेल. यंत्रांपुरता प्रश्न असा सुटेल. ज्याला थांबता येते त्याला चकती लागत नाही, ही गोष्ट मी बहिणीला सांगितली तेव्हा ती भाजी निवडीत होती. "मग तुम्ही तिघं थांबायला कधी शिकणार?" ती म्हणाली, आणि देठे बाजूला केली.

पैसे देऊन निघताना मी गॅरेजवाल्याला बाजूला घेतले. दाराची गोष्ट काढली. माझ्यामुळे तुझी शाळा सुटली, हे मी कधी विसरलो नाही, असे म्हणालो. हे अर्धेच खरे होते. मी ते पुष्कळ वर्षे विसरलो होतो. तो गोंधळला. "दार? कोणतं दार, सर?" मग आठवून म्हणाला, "छे! त्या दिवाळीत वडील गेले ना. मामानं इथं आणून बसवलं. व्हरांड्यात बरं वाटायचं, वारा यायचा. झोप काढायचो उभ्याउभ्या."

माझी सुटका झाली असे मला वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. वडील गेले हे मला त्या वेळी कळले नव्हते. वर्गातले एक नाव कमी झाले आणि मी हजेरीपटावर लाल शाईने रेघ मारली. ती सरळ होती. दार बंद नसते तर निदान कोणी तरी येऊन सांगितले असते.

"हजार किलोमीटर गावातच चालवा," तो भाच्याला बजावत होता. "घाट नको, जोर नको. नुसतं थांबायचं, निघायचं. अस्तर बसायला गर्दीच चांगली." त्यामुळे भाचा सध्या हिंजवडीच्या रांगेत उभा राहून क्लच बसवतो आहे, आणि तक्रार करीत नाही.

झिजलेली चकती भंगारात जायची होती. ती मी मागून आणली. सातवीच्या वर्गाला वस्तुचित्रासाठी टेबलावर ठेवली. वर्तुळे सगळ्यांनी बरी काढली. स्प्रिंगा कोणालाच जमल्या नाहीत. तास संपता संपता एका मुलीने चकती उचलून उलटी केली आणि मधल्या भागावर कोरलेली परकी अक्षरे मला दाखवली. जर्मन भाषेत तिथे 'गिअरबॉक्सकडची बाजू' एवढेच लिहिलेले असते, हे मला गॅरेजात कळले होते. तसे मी सांगितले.

"मग दुसऱ्या बाजूला काहीच का नाही लिहिलं, सर?" तिने विचारले.

मी म्हटले, नाना पेठेत विचारून सांगतो. घंटा झाली होती. दुसऱ्या तुकडीची मुले दारात येऊन उभी राहिली होती, आणि दोघे-तिघे अजून जिन्यात होते.